डोळ्यातून निघणारा किरण

विज्ञानाच्या इतिहासावरील लोकप्रिय पुस्तकांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. प्राचीन ग्रीकांची समजूत अशी होती की डोळ्यातून किरण बाहेर पडतात, ते वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून वस्तू दिसते. ही समजूत हजाराहून अधिक वर्षे टिकली. मग अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल-हैथम याने ती खोडून काढली, त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, आणि अखेर १६०४ साली केप्लरने डोळ्याच्या आतील पडद्यावर वस्तूची उलटी प्रतिमा कशी पडते हे दाखवून वाद मिटवला. अज्ञानाकडून ज्ञानाकडे, अशी ही सरळ चढण.

या गोष्टीतील सनावळी बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो तिच्या सुराला. मध्ययुगातील विद्वानांनी दृष्टीवर जे शेकडो पानांचे ग्रंथ लिहिले ते केवळ किरण कोणत्या दिशेने जातो हे ठरवण्यासाठी लिहिले, असा समज या सुरातून होतो. प्रत्यक्षात त्यांना छळणारा प्रश्न याहून बराच मोठा होता. मी अमुक पाहिले म्हणून मला अमुक कळले, असे आपण दिवसातून पन्नासदा म्हणतो; ते कोणत्या आधारावर? त्या कळण्यात वस्तूचा वाटा किती, पाहणाऱ्याचा किती, आणि दोहोंच्या मधल्या जागेत काय घडते? दिशेचा प्रश्न सुटला हे खरेच. पण हा दुसरा प्रश्न सुटला नाही, तो बाजूला सारला गेला. आणि सारला गेल्याचे आपण विसरलो. आजच्या काळात हे विसरणे आपल्याला महागात पडते आहे, असे मला वाटते.

आधी किरणांविषयी. डोळ्यातून किरण निघतात ही कल्पना आज हास्यास्पद वाटते, पण आपली भाषा अजून तिच्याच आधाराने बोलते. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, नजर रोखतो. कुणाची तरी नजर लागते, मग मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावी लागते. या सर्व प्रयोगांत डोळ्यातून काहीतरी बाहेर जाते. उलट एखादी वस्तू नजरेस पडते, डोळ्यांत भरते, डोळ्यांत सलते, तेव्हा काहीतरी बाहेरून आत येते. मराठीने दोन्ही सिद्धांत शेजारी शेजारी नांदू दिले आहेत आणि बोलणाऱ्याला त्यात विसंगती जाणवत नाही. याचे कारण असे की पाहण्याचा आपला अनुभवच दुहेरी आहे. समोरचे दृश्य आपल्या इच्छेविना आत घुसते. आणि तरीही शोधल्याशिवाय, लक्ष दिल्याशिवाय पुष्कळसे दिसत नाही. जमिनीवर पडलेली सुई डोळ्यांसमोर असून सापडत नाही, हे उदाहरण इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडनेच दिले आहे. डोळ्यातून निघणाऱ्या किरणांच्या मध्ये फटी असतात आणि सुई त्या फटीत राहते, असे त्याचे स्पष्टीकरण. स्पष्टीकरण चुकले, निरीक्षण मात्र खरे आहे. शिवाय डोळ्याशी टोक आणि वस्तूशी तळ असलेला जो शंकू युक्लिडने कल्पिला, तो किरणांची दिशा उलटी केली तरी जसाच्या तसा उपयोगी पडतो. दूरची वस्तू लहान का दिसते हे त्यातून भूमितीने सिद्ध करता येते. वस्तूंच्या पृष्ठभागावरून पातळ पापुद्रे सुटून डोळ्यांत शिरतात असे मानणाऱ्या अणुवाद्यांना हे साधत नव्हते. डोंगराचा पापुद्रा बाहुलीत मावणार कसा, या प्रश्नावर ते अडत. तेव्हा किरणवाद्यांना भोळे ठरवण्याची घाई करू नये.

हा वाद फक्त भूमध्य समुद्राच्या काठी चालला असेही नाही. इंद्रिये विषयाला जाऊन भिडतात की न भिडताच ज्ञान देतात, हा आपल्याकडील प्रमाणशास्त्रातला जुना वाद आहे. नैयायिकांच्या मते चक्षुरिंद्रिय तैजस आहे, त्याचे किरण वस्तूपर्यंत पोहोचतात. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत ते किरण दिसतातही, असा दाखला खुद्द न्यायसूत्रांत आहे. माणसाच्या डोळ्यांतले किरण तेवढे प्रकट नसतात, इतकेच. बौद्ध आचार्यांना हे मान्य नव्हते. किरण भिडल्यावरच वस्तू दिसत असेल तर जवळची फांदी आधी आणि दूरचा चंद्र नंतर दिसायला हवा. दोन्ही एकदम कसे दिसतात? यावर नैयायिकांचे उत्तर असे की एकदम दिसत नाहीतच. किरणाची गती इतकी प्रचंड आहे की मधला काळ आपल्या ध्यानात येत नाही. उत्तरातील चलाखी क्षणभर बाजूला ठेवू. प्रत्यक्ष हे सर्व प्रमाणांत पहिले मानले, तर त्या प्रत्यक्षात इंद्रिय आणि अर्थ यांची खरीखुरी गाठ पडते की नाही हे ठरवणे भाग असते. नैयायिक किरणांना चिकटून राहिले ते या गाठीसाठी. ती गाठ नसेल तर समोर घट आहे या ज्ञानाला जामीन कोण राहणार?

युरोपात हीच काळजी वेगळ्या वेषात दिसते. बाराव्या शतकापर्यंत लॅटिन वाचणाऱ्यांना प्लेटोचा ‘टिमेअस’ हा एकच संवाद, तोही कॅल्सिडियसच्या अपुऱ्या भाषांतरातून, नीटसा ठाऊक होता. त्यात डोळ्यातील सौम्य अग्नी दिवसाच्या उजेडाशी मिसळून वस्तूपर्यंत पोहोचतो असे वर्णन आहे. संत ऑगस्टीनने डोळ्यातील किरणांची कल्पना स्वीकारली, पण त्याचे लक्ष होते पाहणाऱ्याच्या मनावर. त्रैक्यावरील ग्रंथाच्या अकराव्या भागात तो पाहण्याचे तीन घटक सांगतो: दिसणारी वस्तू, डोळ्यांत उमटलेले तिचे रूप, आणि डोळ्याला त्या वस्तूवर धरून ठेवणारी इच्छा. हा तिसरा घटक फार महत्त्वाचा आहे. पाहणे ही घडणारी गोष्ट राहत नाही, ती करण्याची गोष्ट होते. आणि जी करायची ती बरी किंवा वाईट असू शकते. आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात ऑगस्टीन डोळ्यांच्या वासनेविषयी लिहितो तेव्हा त्याचा रोख केवळ सुंदर वस्तूंच्या मोहावर नाही. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहायला गर्दी का जमते, हा त्याचा प्रश्न आहे. त्यात सुख नाही, तरी लोक जातात. नुसत्या पाहण्यासाठी पाहण्याच्या या भुकेला तो दोष मानतो. अपघाताच्या जागी मोबाइल उंचावून उभ्या राहणाऱ्यांविषयी यापेक्षा नेमके काही अलीकडे माझ्या वाचनात आलेले नाही.

आता इब्न अल-हैथम. जन्म बसऱ्यात, ९६५ च्या सुमारास. मृत्यू कैरोत, १०४० च्या आसपास. नाईलचा पूर आवरण्याचे काम फातिमी खलिफा अल-हाकिमकडून अंगावर घेतले, ते अशक्य आहे हे ध्यानात आल्यावर खलिफाच्या रागातून सुटण्यासाठी वेडाचे सोंग घेतले, अशी कथा चरित्रकार सांगतात. कथेचे काय असेल ते असो. त्याचा ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ मात्र ठणठणीत शहाणपणाचा आहे. या नावातला ‘मनाझिर’ आणि आपली ‘नजर’ ही एकाच अरबी धातूची रूपे. आणि अरबीत ‘नझर’ म्हणजे पाहणे तसेच विचारपूर्वक केलेला शोधही. हा दुहेरी अर्थ ग्रंथात शेवटपर्यंत भिनलेला आहे.

डोळ्यातील किरणांविरुद्ध त्याने दिलेला पुरावा साधा आहे. सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो; प्रखर प्रकाशाकडे टक लावून मग अंधारात पाहिले तर त्याचा आकार काही काळ डोळ्यांसमोर तरंगत राहतो. म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन डोळ्यावर परिणाम करते. मग किरण बाहेर जातात असे मानण्याची गरजच काय? पण हे मान्य केले की दुसरी अडचण उभी राहते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना पसरतो. डोळ्याच्या प्रत्येक बिंदूवर अशा असंख्य किरणांची गर्दी होणार. मग गोंधळाऐवजी सुस्पष्ट रूप कसे दिसते? त्याचे उत्तर असे की डोळ्याच्या पृष्ठभागावर लंबरूप पडणारा किरणच न वाकता सरळ आत जातो, आणि तेवढाच जमेस धरला जातो. या युक्तीने त्याने युक्लिडचा शंकू राखला आणि किरणांची दिशा तेवढी फिरवली. लोकप्रिय गोष्ट इथे थांबते आणि टाळ्या वाजवते. ग्रंथ इथे थांबत नाही.

दुसऱ्या भागात तो विचारतो, या किरणांतून डोळ्याला मिळते तरी काय? उजेड आणि रंग, एवढेच. दृश्य गुण तो बावीस मोजतो. त्यांत अंतर, आकार, आकारमान, गती, साम्य, फरक, सौंदर्य, कुरूपता असे सर्व काही येते. पण निव्वळ डोळ्याच्या संवेदनेने कळणारे फक्त दोन. बाकीचे विवेकशक्तीने, ओळखीने आणि अनुमानाने कळतात. अनुमानासाठी त्याचा शब्द आहे ‘कियास’, म्हणजे आपला ‘कयास’. आणि विवेकासाठी तो जो धातू वापरतो त्यातूनच हिंदी-उर्दूतली ‘तमीज’ आली आहे. थोडक्यात, आपण ज्याला पाहणे म्हणतो त्याचा मोठा हिस्सा कयास आहे. तो इतक्या वेगाने आणि इतक्या सवयीने होतो की झाल्याचे कळत नाही. लहान मुलापुढे दोन फळे ठेवली आणि त्यांतले एक अधिक देखणे असले तर मूल तेच उचलते, असे उदाहरण तो देतो. मुलाने तुलना केली, निवड केली, म्हणजे अनुमान केले. अनुमान म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसले तरी. साक्षर माणूस परिचित शब्द अक्षरे न लावता एका दृष्टिक्षेपात ओळखतो, हेही उदाहरण त्याचेच. आणि या सगळ्याला वेळ लागतो, हे सिद्ध करायला तो रंगीत भोवरा फिरवतो: भोवरा वेगात असताना निरनिराळे पट्टे मिसळून एकच रंग दिसतो, कारण प्रत्येक रंग ओळखण्याइतका वेळ डोळ्याला मिळत नाही.

म्हणून तो पाहण्याचे दोन प्रकार करतो. एक, नजर टाकताक्षणीच होणारे. दुसरे, वस्तूच्या एकेका भागावर दृष्टी फिरवून चिंतनाने होणारे. वस्तूचे खरे रूप दुसऱ्यानेच निश्चित होते. पहिला प्रकार पूर्वीच्या ओळखीवर चालतो आणि म्हणूनच फसतो. तिसरा सबंध भाग त्याने या फसण्याला दिला आहे. पाहणे बिनचूक व्हायचे तर अंतर, समोरासमोरची स्थिती, उजेड, आकारमान, वस्तूची घनता, मधल्या हवेचा स्वच्छपणा, पाहण्याचा वेळ आणि डोळ्याचे आरोग्य, या आठही गोष्टी मर्यादेत असाव्या लागतात. एकही मर्यादेबाहेर गेली की चूक होते. आणि ती चूक संवेदनेत आहे, ओळखीत आहे की अनुमानात आहे, हेही तो पुन्हा चिकाटीने वेगळे करतो. हे प्रकरण वाचायला कंटाळवाणे आहे, हे मान्य करायला हवे. पण त्या कंटाळवाणेपणात एक नीतिमत्ता आहे. डोळे फसवतात अशी हळहळ व्यक्त करून तो मोकळा होत नाही. कुठे, कशामुळे आणि किती, याचा हिशेब मांडतो.

‘मनाझिर’चे लॅटिन भाषांतर १२०० च्या सुमारास झाले आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर लिहिण्याची लाटच उसळली. फ्रान्सिस्कन रॉजर बेकनने १२६७ साली पोप चौथ्या क्लेमेंटकडे पाठवलेल्या ‘ओपुस मायुस’ या महाग्रंथाचा पाचवा भाग दृष्टिशास्त्राला दिला. पोलंड आणि जर्मनीशी नाते सांगणारा विटेलो आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला जॉन पेकम यांनी त्याच दशकाच्या आगेमागे आपापले ग्रंथ रचले. धर्मपीठाच्या छायेत वावरणाऱ्या या मंडळींना भूमितीत एवढा रस का वाटावा? बेकनपुरते सांगायचे तर त्याच्या मते जगातील प्रत्येक वस्तू आपली प्रतिरूपे सतत भोवताली पसरवत असते. एक प्रतिरूप शेजारच्या हवेत आपल्यासारखे दुसरे निर्माण करते, ते तिसरे, असे करत वस्तूचे साम्य डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत आणि तिथून बुद्धीपर्यंत पोहोचते. वस्तू आणि मन यांच्यामधली ही अखंड साखळी हीच ज्ञानाची हमी. आणि गंमत अशी की इब्न अल-हैथम पचवूनही बेकनने डोळ्यातील किरण सोडले नाहीत. वस्तूची प्रतिरूपे डोळ्याने ग्रहण करण्याजोगी व्हायची, तर डोळ्यानेही आपली प्रतिरूपे बाहेर पाठवून मधल्या माध्यमाला त्या योग्यतेला आणले पाहिजे, असे तो म्हणतो. इतिहासकार याला तडजोड म्हणतात. मला ती तडजोड वाटत नाही. जड वस्तू आपण होऊन सजीवाला ज्ञान देईल हे त्याला पटत नव्हते. पाहणाऱ्याने अर्ध्या वाटेवर सामोरे जायला हवे, हा आग्रह त्यामागे आहे.

विद्यापीठातला हा विचार मठाच्या भिंतींआड राहिला नाही. पॅरिसच्या पीटर ऑफ लिमोजने १२७५ ते १२८९ च्या दरम्यान डोळ्यावरचा एक नीतिग्रंथ प्रवचनकारांसाठी लिहिला. त्यात तो दृष्टीचे नियम आणि दृष्टिभ्रम एकेक करून घेतो आणि प्रत्येकातून उपदेश काढतो. दाट माध्यमातील वस्तू विरळ माध्यमातून पाहणाऱ्याला मोठी दिसते, या वक्रीभवनाच्या नियमावरून तो सरळ धनिकांच्या भासमान थोरवीवर येतो. हे ओढूनताणून केलेले रूपक आहे, असे आजच्या वाचकाला वाटेल, आणि काही ठिकाणी ते तसे आहेच. पण या पुस्तकाच्या दोनशेहून अधिक हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत. म्हणजे दृष्टिभ्रमाचे शास्त्र रविवारच्या प्रवचनातून सामान्य श्रोत्यांच्या कानांवर पडत होते. त्याच शतकात चर्चमध्ये पवित्र भाकर पुरोहिताने दोन्ही हातांनी उंच धरून लोकांना दाखवण्याची प्रथा रुजली. बहुतेक लोक वर्षातून एकदाच ती भाकर ग्रहण करत; १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातलेली किमान अटही तेवढीच होती. बाकीच्या दिवशी ते ती पाहण्यासाठी धावत. पाहणे हाच एक प्रकारचा स्पर्श होता. ‘दर्शन घेणे’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

तरी या विचाराचे गोडवेच गायचे असे माझे म्हणणे नाही. डोळ्यातून शक्ती बाहेर जाते असे मानले की ती कुणाच्या डोळ्यातून घातक होऊन जाते हेही कुणीतरी ठरवतो, आणि ठरवणारे कोण असतात हे उघड आहे. थॉमस अक्वायनससारखा तर्ककठोर माणूस दृष्ट लागण्याचे स्पष्टीकरण देताना, प्रबळ भावनेने बिघडलेले शरीरातील सूक्ष्म द्रव्य डोळ्यावाटे हवा दूषित करते आणि कोवळ्या मुलांना बाधते असे लिहितो, आणि उदाहरण घेतो ते म्हाताऱ्या बायकांचे. पाहणाऱ्यावर जबाबदारी टाकणारा सिद्धांत दुबळ्या पाहणाऱ्यांवर आरोपपत्र ठेवायलाही कामी आला. आपल्याकडे ज्या बायकांची नजर वाईट ठरवली गेली, त्यांनाही यात आपली ओळख पटेल.

चौदाव्या शतकात या इमारतीला तडे गेले, आणि माझ्या मते सगळ्यांत थरारक भाग हा आहे. पीटर ऑरिओल हा फ्रान्सिस्कन दृष्टिभ्रमांची यादी करतो: नावेतून जाताना काठावरची झाडे सरकताना दिसतात, पेटते कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते, पाण्यात बुडवलेली काठी मोडलेली दिसते. कोलिताचे उदाहरण वाचताना गौडपादांच्या कारिकांतील अलातचक्र आठवणे अपरिहार्य आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि दोघांचे निष्कर्षही निराळे. पण दोघांनाही एकच गोष्ट छळते. ते वर्तुळ हवेत नाही, कोलितात नाही, डोळ्यातही नाही. आणि तरी ते दिसते. मग ते आहे कुठे? ऑरिओल म्हणतो, त्याला केवळ ‘भासमान’ असे अस्तित्व आहे. विल्यम ऑफ ऑकमला ही वस्तू आणि मन यांच्यामधली तिसरी हस्ती नको होती. त्याने तीही काढली आणि बेकनची प्रतिरूपेही काढली. मन वस्तूला थेट जाणते, मध्ये कुणी दलाल नाही. पण दलाल गेला तसा जामीनही गेला. ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर वस्तू नसताना तिचे प्रत्यक्ष ज्ञान तो आपल्यात निर्माण करू शकेल का, असा प्रश्न लगेच आला. ऑकमने होय म्हटले, आणि पुस्ती जोडली की अशा वेळी ती वस्तू नाही हेही आपल्याला त्याच ज्ञानाने कळेल. ही पुस्ती कितीजणांना पटली असेल याची मला शंका आहे. निकोलस ऑफ ओट्रेकूरने बर्नार्ड ऑफ अरेझोला लिहिलेल्या पत्रांत हा धागा ताणून नेला: तुमचे म्हणणे मान्य केले तर बाहेरच्या कोणत्याच वस्तूची खात्री देता येणार नाही, तुमच्या स्वतःच्या कृतींचीही नाही. १३४६ साली निकोलसची मते निषिद्ध ठरवली गेली आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याला आपले लेखन जाहीरपणे जाळावे लागले.

केप्लरकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. त्याच्या १६०४ च्या ग्रंथाचे नावच ‘विटेलोला पुरवणी’ अशा अर्थाचे आहे. म्हणजे त्याला स्वतःला आपण कोणत्या परंपरेत लिहितो आहोत हे पक्के ठाऊक होते. नेत्रभिंगातून येणारे किरण डोळ्यामागच्या पडद्यावर बिंदूला बिंदू जुळवून उलटी प्रतिमा तयार करतात, हे त्याने सिद्ध केले. लंबरूप किरणाच्या युक्तीची मग गरज उरली नाही. पण ती उलटी प्रतिमा मनाला सुलटी कशी कळते, किंबहुना ती मनाला कळतेच कशी, हा प्रश्न त्याने निसर्गाच्या तत्त्वचिंतकांवर सोपवला. प्रकाशशास्त्राला जी झेप घेता आली ती या सोपवण्यामुळे, हे नाकारता येणार नाही. ए. मार्क स्मिथ या अभ्यासकाने २०१५ च्या आपल्या ग्रंथात हे स्थित्यंतर दृष्टीकडून प्रकाशाकडे झालेला प्रवास म्हणून मांडले आहे, ते यथार्थ आहे. मात्र त्याबरोबर आपल्या कल्पनेत डोळ्याची जागा एका यंत्राने घेतली. १८३९ साली प्रकाशचित्रण जगजाहीर झाले तेव्हा ते यंत्र डोळ्याबाहेर प्रत्यक्षात आले, आणि डोळा हा कॅमेऱ्यासारखा आहे असे शाळेच्या पुस्तकांतून सर्रास शिकवले जाऊ लागले. कॅमेऱ्याला इच्छा नसते, ओळख नसते, कयास नसतो. त्याने टिपले ते घडले, ही श्रद्धा इथून रूढ झाली, आणि तिची छाया डोळ्यावरही पडली: मी पाहिले, म्हणजे ते आहे, माझा त्यात काही हात नाही.

ही श्रद्धा आता मोडीत निघाली आहे. २०२२ पासून नुसत्या शब्दांवरून हवे ते दृश्य तयार करणारी साधने कुणाच्याही हाती आली. न घडलेल्या सभेचे छायाचित्र, न उच्चारलेल्या वाक्याची चित्रफीत, सकाळच्या चहाबरोबर कुटुंबाच्या समूहात येऊन पडते. ऑकमने केवळ ईश्वरालाच शक्य मानलेली गोष्ट, म्हणजे वस्तू नसताना तिचे दर्शन घडवणे, आता खिशातल्या यंत्राला जमते; फक्त ‘ही वस्तू नाही’ हे सांगणारी त्याची पुस्ती त्या यंत्रात नाही. यावर दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, आता कशावरच विश्वास ठेवायचा नाही. दुसरी, खरेखोटे ओळखणारे आणखी एक यंत्र तयार करू. पहिली निकोलसची आहे, पण त्याच्या तर्काचे कष्ट न घेता उचललेली. दुसरीला मी निरुपयोगी म्हणत नाही; पण जे काम पाहणाऱ्याचे ते पुन्हा यंत्रावर सोपवण्याचीच ती तऱ्हा आहे. न्यायालयांना हे पूर्वीपासून कळते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या साक्ष अधिनियमानेही, पाहिलेल्या गोष्टीची तोंडी साक्ष ती स्वतः पाहणाऱ्यानेच दिली पाहिजे असे ठरवले आहे. याचे कारण त्याचे डोळे अचूक असतात असे नाही. त्याला उलटतपासणीत विचारता येते: किती अंतरावर होतात, उजेड किती होता, किती वेळ पाहिलेत, चष्मा लावला होता का. अनुभवी वकील हे प्रश्न विचारतो तेव्हा तो नकळत इब्न अल-हैथमची आठ कलमांची यादीच वाचत असतो. समूहात आलेल्या चित्राला यांतला एकही प्रश्न विचारता येत नाही, कारण तिथे कुणी पाहणाराच उभा नाही. मग ते प्रश्न निदान स्वतःला विचारायचे: हे मी ओळखले की नुसते ओळखीचे वाटले? किती वेळ पाहिले? आणि पुढे पाठवले ते त्या पाहण्याच्या जोरावर, की आधीच्या रागाच्या?

मध्ययुगातून परत आणण्याजोगे मला दिसते ते एवढेच, आणि ते किरणांविषयी नाही. पाहण्याला लागणारा वेळ आणि त्यातला स्वतःचा वाटा या विद्वानांनी हिशेबात धरला होता.

एक तपशील सांगायचा राहिला. ‘मनाझिर’च्या लॅटिन भाषांतरात पहिल्या भागाची सुरुवातीची तीन प्रकरणे नाहीत. १५७२ साली रिस्नरने बाझलला छापलेल्या आवृत्तीतही ती नव्हती. बेकन, पेकम, विटेलो, केप्लर या सर्वांनी जो अल्हाझेन वाचला तो त्यांच्याविना. त्यांतल्या पहिल्याच प्रकरणात इब्न अल-हैथम आपली रीत सांगतो: गणिती आणि तत्त्वज्ञ यांची मते परस्परविरुद्ध आहेत, तेव्हा आपण पुन्हा आरंभापासून तपासणी करू, आपल्या गृहीतकांवर टीका करू, निष्कर्षांबाबत सावध राहू, आवडीनिवडीला बळी पडणार नाही, आणि एवढे करूनही माणसाच्या स्वभावात असलेल्या गढूळपणातून आपण सुटलेले नसू. अब्दुल हमीद साबरा यांनी संपादित केलेली पहिल्या तीन भागांची अरबी संहिता १९८३ साली कुवेतमध्ये निघाली आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली लंडनच्या वॉरबर्ग संस्थेने प्रसिद्ध केले. त्यात हे प्रकरण अगदी सुरुवातीला आहे.